मुद्देमालातला भाऊ

हेडक्लार्क दिगंबरपंतांनी माझं उजवं मनगट धरलं, हात कपाटाच्या चौकटीवर दाबला आणि दार लोटलं. सागवानी दार, लोखंडी पट्ट्यांचं. एकदा लोटलं. मग खांदा लावून पुन्हा लोटलं.

बोटं मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला. दुखलं नंतर.

"ढोरं कागद खातात," पंत म्हणाले. "वाचत नसतात."

भर दुपार होती. कॉलेजच्या दप्तरखान्यात मी, पंत आणि दारात उभे दोन शिपाई. एकानं मान फिरवली. दुसरा बघत राहिला. मी ओरडलो. मोठ्यानं ओरडलो. शेजारच्या वर्गात तास चालू होता. शिकवणाऱ्याचा आवाज जरासा थांबला आणि परत सुरू झाला.

सात वर्षांत त्या माणसानं मला एकदाही हात लावला नव्हता. मी बांधलेलं रजिस्टर मी जमिनीवर ठेवायचं, त्यांनी त्यावर पाणी शिंपडायचं, मग उचलायचं. त्या दिवशी मनगट धरताना त्यांना विटाळ आठवला नाही. मारायला विटाळ आड येत नाही, हे मी तेव्हा शिकलो नाही. आमच्या घराला ते आधीच माहीत होतं.

माझा गुन्हा एवढाच की मला वाचता येत होतं, आणि ते त्यांना कळलं.

मी जातीचा ढोर. कातडी कमावणाऱ्यांतला. आमच्या जातीचं नावच असं की शिवी द्यायला लोकांना वेगळा शब्द शोधावा लागत नाही. सोलापुरात आमच्या गल्लीत दोन्ही अंगांना हौद होते. एका हौदात चुना, दुसऱ्यात बाभळीच्या सालीचं लाल पाणी. आप्पा, म्हणजे माझा बाप, सकाळी मांडीपर्यंत त्या पाण्यात उतरायचा तो ऊन डोक्यावर आल्यावर वर यायचा. त्याच्या पायांची नखं कायमची तांबडी झाली होती.

माझा मोठा भाऊ सिद्राम. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्यानं मला अक्षरं शिकवली. ओलं कातडं उलटं पसरायचं आणि कोळशानं त्यावर लिहायचं. आप्पा चिडायचा. "कातडं खराब हुतं की रं!" म्हणायचा. पण पुसायला उठायचा नाही. लांबनंच बघत बसायचा.

सिद्राम मॅट्रिक झाला. त्याच वर्षी गावात कॉलेज निघालं. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नावावर भांडतात, झालेलं राहून जातं. उद्‌घाटनाच्या सभेत सेक्रेटरी रावसाहेब बोलले होते, "या मंदिराचं दार सर्वांना खुलं आहे." रावसाहेब गावातले मोठे वकील. सिद्राम त्या सभेत अगदी मागं उभा होता. त्यानं ते खरं मानलं.

त्याला प्रवेश मिळाला. दार खुलं होतं, पण तो दाराच्या आत गेला नाही. त्याला व्हरांड्यात खिडकीखाली जागा दिली. बसायला घरून पोतं न्यायचं. हजेरीला त्याचं नाव शेवटी यायचं. तो बाहेरून "हजर" म्हणायचा. इतिहासाचे प्रोफेसर त्याची वही तपासायचे. वही तो पायरीवर ठेवायचा, ते उचलून न्यायचे, आणि परत पायरीवर ठेवायचे. बाकीचे तेवढंही करायचे नाहीत. म्हणून सिद्राम त्यांना देवमाणूस म्हणायचा.

चैत्राचं ऊन होतं. सोलापूरचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको. सिद्राम घरून पाण्याचा तांब्या न्यायचा. त्या दिवशी कुणीतरी तो लाथेनं उपडा केला होता. दुपारपर्यंत त्यानं कळ काढली. मग उठला आणि विद्यार्थ्यांच्या रांजणात ओंजळ बुडवली.

एक ओंजळ.

अकरा विद्यार्थी होते. खेळाच्या खोलीतून हॉकीच्या काठ्या आणल्या. आधी रांजण त्याच्या डोक्यावर फोडला आणि मग म्हणाले, ह्यानं रांजण बाटवला. मैदानावर ओढत नेलं. गुडघे फोडले. तोंडात शेण कोंबलं. "शुद्ध करतोय," असं एक जण म्हणत होता आणि बाकीचे हसत होते. सिद्राम आधी "चुकलं, चुकलं" म्हणत होता. मग नुसता आवाज येत होता. मग तोही बंद झाला.

हे मी पाहिलं नाही. मी अकरा वर्षांचा होतो आणि घरी होतो. मी हे पुढं वाचलं. ज्यानं लिहिलं तो माणूस व्हरांड्यात उभा राहून सगळं बघत होता.

टांगेवाल्यांनी सिद्रामला टांग्यात घेतलं नाही. गल्लीतल्या चौघांनी त्याला बैलाच्या कातड्यावर घातलं आणि चार टोकं धरून आणलं. त्याच्या कानातून रक्त येत होतं. अव्वा, म्हणजे माझी आई, कानडीत "नन्न मगा, नन्न मगा", माझ्या लेकरा, माझ्या लेकरा, करत त्याच्या दातांतलं शेण बोटानं काढत होती. दात बोटाला लागून बाहेर येत होते. तीन दिवस त्याच्या कानातलं रक्त थांबलं नाही. पाणी पाजलं तर ओठाच्या कडेनं परत यायचं. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

आम्ही त्याला पुरलं आणि तसाच आप्पा शाळेतल्या एका मास्तरांकडे गेला. मास्तरांनी अर्ज लिहून दिला. आप्पानं खाली अंगठा उठवला आणि कॉलेजात गेला. मी बरोबर होतो. दिगंबरपंत तेव्हाही हेडक्लार्क होते.

"पायरीवर ठेव," ते म्हणाले.

आप्पानं ठेवला. पंतांनी पाणी शिंपडलं. शाई थोडी पसरली.

"चौकशी होईल."

आप्पा दर सोमवारी जायचा. चौकशी होईल. एका सोमवारी तो कॉलेजच्या दोन शिपायांबरोबर घरी आला. म्हणजे शिपायांनी आणून टाकला. पाठ सोललेली. पोरगा झाडावरून पडला असं लिहून दे, म्हणून त्याला सांगितलं होतं. त्यानं दिलं नव्हतं. त्यानंतर आप्पा कॉलेजच्या रस्त्यानंच कधी गेला नाही. सिद्रामचं नावही घरात कुणी काढेना. अव्वानं त्याची पुस्तकं चुन्याच्या हौदात टाकली.

मी विजापूर वेशीजवळ एका पुस्तकं बांधणाऱ्याकडे राहिलो. कातडं ओळखायचं आमच्या रक्तातच होतं, पुस्तकाला पाठ कशी लावायची ते मी तिथं शिकलो. सोळाव्या वर्षी कळलं की कॉलेजला दप्तरी पाहिजे. रजिस्टरं बांधायची, जुने कागद झाडायचे, वाळवी बघायची. धुळीचं, चामड्याचं काम. दुसरं कुणी करायला तयार नव्हतं.

मी गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या जागेचा राग होता आणि ती जागा बघायचीही होती.

पंतांनी मला ओळखलं नाही. त्यांना आमची तोंडं वेगवेगळी दिसत नसत.

"अक्षरओळख आहे?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो.

"बरं झालं. इथं गुप्त कागद असतात."

न वाचणारा माणूस म्हणून मला ठेवलं. सात वर्षं मी त्या कॉलेजचं दप्तर राखलं. लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यांना रुमाल म्हणत. एकेक रुमाल सोडायचा, उन्हात कागद पसरायचे, कसर झाडायची, लिंबाचा पाला घालून पुन्हा बांधायचा. हजेरीपटांना पाठी लावायच्या. उंदरांनी कुरतडलेल्या कडांना खळ लावून पातळ कागद चिकटवायचा. प्रोफेसर आले नि गेले, मुलं आली नि गेली, त्यांच्या सह्या माझ्याजवळ राहिल्या. कुणाला कॉपी करताना धरलं, कुठल्या देणगीदाराच्या मुलाचे गुण वाढवले, सगळं मी वाचलं. कॉलेज मला जेवढं माहीत होतं तेवढं रावसाहेबांनाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी तळाच्या फळीवर एक रुमाल सापडला. वर काही लिहिलेलं नव्हतं. सोडला.

वर प्रवेशाच्या रजिस्टरातलं फाडून काढलेलं पान. त्यावर सिद्रामचं नाव, बापाचं नाव, जात. नावावर तांबडी रेघ. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'स्वखुशीने कॉलेज सोडले.' त्याखाली आप्पाचा अर्ज, पाण्यानं शाई पसरलेला, अंगठ्यासकट. त्याखाली इतिहासाच्या प्रोफेसरांनी लिहिलेला चार पानी अहवाल. कमिटीतल्या काही देणगीदारांना इंग्रजी येत नसे म्हणून मराठीत. सुवाच्य अक्षर. काय झालं, कसं झालं, कोण काय म्हणालं. अकरा जणांची पुरी नावं. शेवटी कमिटीचा ठराव होता, 'संस्थेच्या हितासाठी सदर प्रकरण बंद करावे.' ठरावाखाली रावसाहेबांची सही. प्रोफेसरांचीही सही.

म्हणजे ज्यानं खरं लिहिलं, त्यानंच ते दाबायलाही सही केली.

मी कागद जसे होते तसे ठेवले. रुमाल बांधला. गाठ तशीच मारली. दर सहा महिन्यांनी त्यातला लिंबाचा पाला बदलत गेलो. चार वर्षं. घरी सांगितलं नाही. कधीतरी कुणीतरी साहेब येईल, हे दप्तर मागील, असं मला वाटायचं. मी त्याला राखणं म्हणायचो. ती भीती होती.

कॉलेजला बारा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तपपूर्तीचं पुस्तक काढायचं ठरलं. कॉलेजचा इतिहास. लिहायचं काम त्याच प्रोफेसरांकडे. ते रोज दप्तरखान्यात येऊन बसायचे, मी रुमाल सोडून जमिनीवर ठेवायचा, ते टिपणं काढायचे. तळाच्या फळीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पुस्तकाचं हस्तलिखित तयार झालं आणि माझ्याकडे शिवायला आलं. त्या दुपारी मी सुई ओवली आणि सहज पान उघडलं.

'प्रारंभीचे काही दप्तर मार्शल लॉच्या धामधुमीत नष्ट झाले. तथापि संस्थेचे द्वार पहिल्या दिवसापासून सर्वांना खुले होते. दुर्दैवाने अस्पृश्य समाजातून एकही विद्यार्थी ज्ञानार्जनासाठी पुढे आला नाही.'

मार्शल लॉच्या दिवसांत रस्त्यावर गोरे शिपाई होते. तेव्हा दप्तरखान्याची किल्ली माझ्याजवळ होती. एक कागद हलला नव्हता.

एकही विद्यार्थी पुढे आला नाही. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझा आवाज बाहेर पडत होता हे मला कळलं नाही. मागं पंत उभे होते.

"वाचतोस?"

"व्हय," मी म्हणालो.

मग कपाटाचं दार.

संध्याकाळी घरी गेलो. अव्वानं हळद भरून हात बांधला. आप्पा हौदाच्या कडेला बसला होता. कुणी मारलं म्हणून त्यानं विचारलं. मी सगळं सांगितलं. पान, अर्ज, अहवाल, अकरा नावं.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"चार वर्सं झाली."

आप्पा उठला. लाल पाण्यानं भिजलेल्या हातानं त्यानं माझ्या कानाखाली मारली. मी पडलो. त्यानं मला उठवलं आणि पुन्हा मारली.

"माझा अंगटा तितं हाय. माझं पोरगं तितं हाय. आनी तू खळ लावत बसलास? पाला घालत बसलास?"

अव्वा मधे पडली नाही.

पंतांच्या माराची मला लाज वाटली नव्हती. ह्या माराची वाटली. मला कळलं की मी सात वर्षं कॉलेजचा नोकर नव्हतो, त्यांचं कुलूप होतो. भावाचा खून लाल कापडात बांधून त्यांच्यासाठी जपून ठेवणारा. वाळवी लागू न देणारा.

सकाळी मी कॉलेजात गेलो. येऊ नको म्हणून निरोप आला होता. मागच्या आवारात वसतिगृहाच्या पाण्याचं चुलाण पेटलं होतं आणि पंत शिपायांकडून दप्तर आणवून त्यात घालत होते. वाचणाऱ्या माणसानं काय काय वाचलंय ते कळेना, म्हणून पहिल्या वर्षांचे सगळेच रुमाल काढले होते. दोन जळत होते. माझा रुमाल तिसरा होता. शिपायाच्या हातात.

मी चालत गेलो. पळालो नाही. डाव्या हातानं तो रुमाल ओढून घेतला.

"ठेव खाली!" पंत ओरडले.

"न्हाय ठेवत."

"ढोरा, ठेव म्हणतो!"

"हितं माझा भाऊ हाय. न्हाय ठेवत."

त्यांनी चुलाणातलं जळतं लाकूड उचललं आणि माझ्या खांद्यावर हाणलं. सदरा पेटला. मी दुसरा घाव येऊ दिला नाही. मोडक्या हाताच्या कोपरानं त्यांच्या छातीत ढोसलं. ते मागं पडले, पगडी राखेत गेली. सात वर्षं ज्याच्या सावलीपासून मी बाजूला झालो, तो माणूस राखेत बसून "मेलो, मेलो" करत होता. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मग "चोर, चोर" झालं. वर्गांतून मुलं आली. काठ्या आल्या. मैदान तेच. मी रुमालावर पालथा पडलो आणि पोटाशी धरला. बरगड्या मोडल्या. डोकं फुटलं. सिद्राम "चुकलं" म्हणाला होता. मी म्हणालो नाही. मी त्याचं नाव घेत राहिलो. दर घावाला, "सिद्राम." ज्या पोरांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं ती मारता मारता विचारायला लागली, "कोण सिद्राम?" 

रस्त्यावरच्या पोलिसांनी मला सोडवलं आणि पकडलं. पंत राखेनं भरलेल्या धोतरानिशी चौकीवर आले आणि त्यांनी रागाच्या भरात फिर्याद लिहून दिली. दप्तरातले महत्त्वाचे कागद चोरले. मारहाण केली. रावसाहेब त्या दिवशी पुण्याला होते. ते गावात असते तर ही फिर्याद झालीच नसती.

फौजदारानं बाजारातले दोन पंच बोलावले आणि रुमाल सोडला. चोरीचा माल काय, ते एकेक लिहायचं होतं. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलो होतो, डोळ्यांत रक्त उतरत होतं. फौजदार मोठ्यानं वाचत होता, हवालदार लिहीत होता.

"एक पान. विद्यार्थ्याचं नाव सिद्राम. जात ढोर. एक अर्ज, सिद्रामच्या बापाचा, मुलास ठार मारल्याबद्दल. अंगठ्याची निशाणी आहे..."

फौजदार थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग अहवाल उचलला. तो वाचताना त्याचा आवाज बारीक होत गेला, पण नियम होता, वाचावंच लागलं. पंचांपैकी एक पानवाला होता. तो म्हणाला, "ह्ये तर खून हाय की, सायेब."

"तू सही कर," फौजदार म्हणाला. मग पंतांना विचारलं, "हे कागद तुमच्या कॉलेजचेच, हे कोर्टात ओळखायला माणूस लागेल. कोण येईल?"

पंतांना आता कुठं उमगलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं.

आणि मलाही उमगलं. मला चोर ठरवायचं तर कागद खरे आहेत हे त्यांनाच शाबीत करावं लागणार होतं. बारा वर्षं आप्पाचा अर्ज कुणी उचलला नव्हता. आज सरकारी शिक्क्याखाली त्याला नंबर पडला. चोरीचा माल म्हणून का होईना, माझा भाऊ मुद्देमालात आला.

तिसऱ्या दिवशी रावसाहेब कोठडीशी आले. स्वतः आले. गजांपासून चार हात लांब उभे राहिले.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "आम्ही तडजोड करतो. तू कागदावर सही कर, आज घरी जा. नोकरीही राहील."

"तडजोडीला माझी सही लागती?"

"लागते."

"मग न्हाय."

"तुला तुरुंग होईल. अक्कल आहे का?"

"मग गुन्हा शाबीत करा की."

त्यांनी शिपायाला लांब जायला खूण केली. मग अगदी हळू म्हणाले, "त्या मुलाचं मलाही वाईट वाटलं होतं."

मी गजांतून त्यांच्या अंगावर थुंकलो. थुंकी पोचली नाही. पण ते मागं सरकले.

कोर्टात गर्दी झाली. मॅजिस्ट्रेट बाहेरगावचे, सोलापुरात नवे. आप्पा आणि अव्वा बाहेर खिडकीखाली बसले होते, आत जागा असूनही. माझ्या बाजूनं वकील नव्हता. गुन्हा कबूल आहे का, विचारलं. नाही म्हणालो. कागद माझ्या घरचे आहेत म्हणालो.

मग साक्षीदार म्हणून इतिहासाचे प्रोफेसर पिंजऱ्यात आले. केस पिकले होते. त्यांनी सांगितलं, होय, हे दप्तर कॉलेजचं आहे. रावसाहेबांचा वकील लगेच बसला. मॅजिस्ट्रेटनी मला विचारलं, "काही विचारायचं आहे?"

मी चार पानं मागितली. शिरस्तेदारानं ती उचलून माझ्या समोर धरली.

"ह्ये अक्षर कुनाचं, सायेब?"

प्रोफेसर वकिलाकडे बघायला लागले.

"साक्षीदारानं उत्तर द्यावं," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"माझं."

"ह्यात लिवलंय त्ये खरं हाय का खोटं?"

त्यांनी पिंजऱ्याची कड धरली. वकील उठला, प्रश्न गैरलागू आहे म्हणाला. मॅजिस्ट्रेटनी हात केला. कोर्टात पंख्याची दोरी ओढणारासुद्धा थांबला होता.

"खरं आहे," प्रोफेसर म्हणाले. "मी पाहिलं होतं."

"मग तुमी खाली का उतरला न्हाय?"

प्रोफेसर शिपायाकडे वळले. पाणी मागितलं. शिपायानं त्यांना पाणी दिलं. ते पाणी प्याले. सगळ्या कोर्टासमोर भांडं तोंडाला लावून प्याले, आणि मी ते बघत उभा राहिलो.

अहवाल सगळा वाचला गेला. अकरा नावं वाचली गेली. खिडकीबाहेर अव्वा ऊर बडवायला लागली. आप्पाला आत बोलावून अंगठा ताडून पाहिला. शाईत बुडवलेला अंगठा वर धरून तो एवढंच म्हणाला, "माझाच हाय. तवाबी माझाच हुता."

निकाल लागला. मारहाण आणि चोरी, दोन्ही शाबीत. तीन महिने सक्तमजुरी. सिद्रामच्या मरणाबद्दल मॅजिस्ट्रेट म्हणाले, "तो या खटल्याचा विषय नाही." मुद्देमाल मूळ मालकास परत द्यावा, असा हुकूम झाला.

मूळ मालकानं तो त्याच संध्याकाळी जाळला असेल. मला त्याची पर्वा उरली नव्हती. अहवाल, अर्ज, पान, सगळं साक्षीत उतरलं होतं आणि ती साक्ष सरकारच्या दप्तरात गेली होती.

तीन महिने मी चक्की ओढली. मोडलेली बोटं वाकडी जुळली. सुटल्यावर पहिलं काम केलं ते कोर्टातल्या साक्षीच्या नकलेचा अर्ज. कारकुनानं विचारलं, "तुला कशाला पाहिजे?" मी म्हणालो, "वाचायला." शिक्क्याची नक्कल मिळाली.

दरम्यान तपपूर्तीचं पुस्तक निघालं. छान कागद, सोनेरी अक्षरं. मी एक प्रत मिळवली. ते वाक्य तसंच आहे. एकही विद्यार्थी पुढे आला नाही. प्रोफेसरांनी कोर्टात खरं सांगितलं आणि छापखान्यात खोटंच राहू दिलं. पुढं ते नोकरी सोडून काशीला गेले म्हणतात. जावोत. मला त्यांचा पश्चात्ताप नको आहे.

मी ठरवलं की हा इतिहास ज्यांचा आहे त्यांना त्यांच्या दारात वाचून दाखवायचा. दिवसाढवळ्या. रस्त्यावर उभं राहून, कारण रस्ता कुणाच्या बापाचा नाही.

अकरापैकी एक जण पटकीनं मेला. दहा राहिले.

पहिल्याचं कापडाचं दुकान आहे. मी समोर उभा राहिलो, नक्कल उघडली, वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर त्याच्या माणसांनी मला खाली पाडलं. आठ दिवस अंथरुणावर होतो. नवव्या दिवशी परत गेलो आणि राहिलेली दोन पानं वाचली. ह्या वेळी गल्लीतले वीस जण माझ्यामागं उभे होते, कातडी सोलायच्या सुऱ्या कमरेला लावून. कुणी सुरी काढली नाही. काढायची वेळ आली नाही.

दुसरा शाळेत हेडमास्तर आहे. त्याची बायको अंगणात येऊन सगळं ऐकत उभी राहिली. शेवटी तिनं नवऱ्याला विचारलं, "शेण कोंबणारे तुम्हीच का हो?" तो आत गेला. ती दारातच बसून राहिली.

लोक म्हणतात, जुन्या मढ्यावरची माती कशाला उकरतोस. आमच्या गल्लीतलेही काही म्हणतात. पोरांना शाळेत घ्यायचे नाहीत, कामं मिळायची नाहीत. कदाचित खरं असेल. आप्पाला मी विचारलं. तो चुन्याच्या हौदात उभा होता. मान वर न करता म्हणाला, "किती राहिली?"

आठ राहिली.

तिसरा ह्याच कोर्टात वकिली करतो. उद्या सकाळी अकराला तो काळा कोट घालून आवारात येईल, अशील भोवती असतील. मी लिंबाखाली उभा राहणार आहे आणि पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. त्यानं पोलीस बोलावले तर पोलिसांसमोर वाचीन. पाडलं तर उठून वाचीन. आणि त्याचं नाव येईल तिथं थांबून, त्याच्या डोळ्यांत बघून, ते दोनदा वाचीन.